कळंबची बेणणी

कळंब, बुधवार, २३ मे १९८४

तीर्थरूप फ्लॉसी आत्या हिला,
नंदाखालच्या फेबियनचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या हाताला फोड आल्यामुळे हात नीट जुळत नाहीत, पण भावना जुळलेल्या आहेत.)

तू आणि मायकलकाका तिकडे उत्तनला खुशाल असाल आणि तुझा डावा गुडघा आता अगदी ठणठणीत असेल, अशी मी मनापासून आशा करतो. मे महिन्याच्या रोझरीत रोज एक ‘नमो मरिया’ मी खास तुझ्या गुडघ्यासाठी म्हणतो. (म्हणतो म्हणजे, म्हणायचं ठरवलेलं आहे.) काकांचा खोकला, तुझ्या कोंबड्या, शेजारच्या थेरेसाबाईंचं तुझ्याशी न बोलणं, सगळं जसंच्या तसं असावं.

तुझं पत्र पोचलं. ‘जूनपासून पुन्हा कॉलेजात जाणार की नाही ते एका ओळीत कळव,’ असं तू लिहिलं आहेस. आत्या, एका ओळीत कळवण्यासारखं माझ्या आयुष्यात सध्या काही उरलेलं नाही. त्यामुळे जरा मागून सुरुवात करतो.

मी डिसेंबरात कॉलेज सोडलं. पप्पा सगळ्या गावाला सांगतात की मला काढून टाकलं. ते साफ खोटं आहे. अकाउंट्सचे जगन्नाथ सर फळ्यावर ताळेबंद मांडत होते आणि मी खिडकीतून बाहेर बघत होतो. बाहेर सायन्सची इमारत आहे आणि तिच्या व्हरांड्यातून बॉटनीच्या मुली जातात. (मुलगेही जातात.) सर म्हणाले, “फेबियन, ताळेबंद बाहेर लिहिलाय का रे?” वर्ग हसला. माझं डोकं कसं आहे ते तुला ठाऊकच आहे, तुझ्याच भावाकडून आलेलं आहे. मी उभा राहिलो, “असल्या कॉलेजात मी एक क्षण थांबणार नाही,” असं म्हणालो आणि निघालो. पण फाटकापर्यंत मी इतका सावकाश चाललो की मागून कुणालाही आरामात येऊन मला अडवता आलं असतं. फाटकाशी मी एका बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग दुसऱ्या बुटाची. कोणी आलं नाही. शिपायाने तेवढं विचारलं, “डबा विसरलास काय?” मग मात्र मला जावंच लागलं.

तर या मे महिन्यात आमच्या (म्हणजे आता त्यांच्या) कॉलेजचं शिबिर इथे कळंबला भरलं आहे. समुद्र किनारा खातो आणि उरलेली रेती बांधकामवाल्यांचे ट्रक खातात, हे तिकडे तुमच्या कानावर असेलच. म्हणून मुलांनी किनाऱ्यालगतच्या रेतीच्या उंचवट्यावर सुरूची रोपं लावायची, काट्याचं कुंपण घालायचं आणि ट्रक आला तर त्याच्यापुढे आडवं उभं राहायचं, असा बेत. झाडं भर मे महिन्यात का लावायची, असं पप्पांनी विचारलं. तर सुट्टी मे महिन्यात असते म्हणून. आता मे महिन्यात लावलेल्या झाडाला पाणी घालायला पाहिजे, पाण्याची पिंपं वाहायला बैलगाडी पाहिजे, आणि पप्पांनी फादरच्या सांगण्यावरून आपली गाडी दिली. गाडीबरोबर बैल आले, आणि बैलांबरोबर मी. (पप्पांना वाटलं मी कामाला लागलो. मला वाटलं मी शिबिराला लागलो. बैलांचं मत कोणी विचारलं नाही.)

अडचण एवढीच की शिबिराचे प्रमुख म्हणजे तेच जगन्नाथ सर. ते माझ्याशी बोलत नाहीत. मीही बोलत नाही. पण पाणी कुठे ओतायचं ते तर सांगायला हवं, म्हणून ते आमच्या चांद्या बैलाशी बोलतात. “चांद्या, तिकडच्या टोकाला दोन पिंपं ने,” असं ते चांद्याच्या कपाळाकडे बघून म्हणतात आणि मी नेतो. पहिल्या दिवशी हजेरीच्या शेवटी त्यांनी “बैलगाडी?” असा पुकारा केला. आपण ‘हजर’ म्हणायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण नेमका चांद्या हंबरला आणि सरांनी हजेरी मांडली. तेव्हापासून कॉलेजच्या दप्तरात माझ्या जागी बैल आहे.

आता लिडियाबद्दल. लिडिया ही माणिकपूरची, बॉटनीच्या शेवटच्या वर्षाची, शिबिराची पुढारी. याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. तिची वेणी लांब आहे आणि तिच्या आधी तिची डावी भुवई बोलते, पण त्याचा इथे संबंध नाही.

शिबिरात कॉन्रॅड नावाचा एक गिटारवाला आहे. त्याचा बाप बँकेत. त्याने आयुष्यात खड्डा बघितला असेल तर तो रस्त्यातला. तरी पण तिसऱ्या की चौथ्या दिवशी लिडिया सगळ्यांसमोर म्हणाली, “बघा, कॉन्रॅडचे खड्डे किती नीट आहेत.” आत्या, मी वाडीत जन्मलो. चालता येण्याआधी मी केळीच्या आळ्यात बसलेला आहे. आणि माझ्या देखत, हातात गिटार धरणाऱ्या माणसाचे खड्डे नीट! मी काही बोललो नाही. (एक पिंप लाथेने उलटं केलं, पण बोललो नाही.) दुसऱ्याच दिवशी लिडिया दोन दिवसांच्या रजेवर मावसबहिणीच्या लग्नाला गेली, आणि मी ठरवलं की ती परत येईल तेव्हा किनारा असा दिसला पाहिजे की खड्डे नीट म्हणजे काय ते तिला कळावं.

तू येऊन बघितलं असतंस तर तुझेही हात शिवशिवले असते. रोपं लावलेल्या सगळ्या उंचवट्यावर एक वेल माजला होता. जाडजूड, लांबच लांब, आपट्यासारखी पानं, जांभळी फुलं. मर्यादवेल म्हणतात त्याला. रेतीवर नुसता पसरलेला, कुणी लावलेला नाही, कुणाच्या कामाचा नाही. आपल्या घरात तणाला माफी नाही हे तुला मी काय सांगणार? आजोबा देवळात जाताना लोकांच्या बांधावरचा लव्हाळा उपटत जायचे आणि अख्खी मिस्सा संपेपर्यंत तो त्यांच्या खिशात असायचा. तू स्वतः लग्नाच्या दिवशी, पांढरा झगा घालून, देवळाच्या पायरीच्या फटीतलं गवत उपटायला वाकली होतीस. त्या फोटोत मायकलकाका एकटेच लग्न केल्यासारखे उभे आहेत. तर मी चारदोन मुलं हाताशी घेतली आणि बेणणी काढली. खुरप्याने नव्हे, कुदळीने, मुळासकट. दोन दिवस. नंतर प्रत्येक रोपाला केळीसारखं गोल आळं केलं आणि आळ्याआळ्यांमधून पाण्याचा पाट काढला. (रेतीत पाट टिकत नाही हे खरं, पण दिसत होता सुंदर.) आत्या, एवढा स्वच्छ किनारा या तालुक्यात कुणी पाहिला नसेल. त्यावर भात सांडून वेचून खावा. जगन्नाथ सर आले, बघितलं आणि भान विसरून थेट मला “छान!” म्हणाले, मग लक्षात आलं तसं घाईघाईने चांद्याकडे वळून पुन्हा एकदा “छान” म्हणाले. त्यांनी फोटोसुद्धा काढला. उपटलेला सगळा वेल मी गाडीत भरून घरी नेला आणि वाडीतल्या खताच्या खड्ड्यात लोटला. पप्पांनी खड्ड्याच्या काठावरून काठीने वेल उलटा करून मुळं तपासली. मग म्हणाले, “शाबास.” तुझा भाऊ मला शाबास म्हणाला, आत्या. मी एकवीस वर्षांचा आहे आणि हे पहिल्यांदा घडलं.

शनिवारी लिडिया परत आली. केसांत लग्नातला गजरा अजून होता. मी मुद्दाम गाडीच्या दांडीवर आडवा होऊन, काही विशेष न केल्यासारखा पडलो होतो. ती उंचवट्यावर चढली आणि उभीच राहिली.

“फेबियन,” ती म्हणाली, “इथे वेल होता.”

“होता,” मी म्हणालो.

“कुठे गेला?”

“उपटला. सगळा. मुळासकट.” आणि मी कौतुकाची वाट बघत उठून बसलो.

आधी भुवई वर गेली. मग ती म्हणाली, “गाढवा, ही रेती काय तुझ्या सुरूच्या काड्यांनी धरून ठेवली होती?” मी म्हणालो, तण ते तण. ती म्हणाली, तुझ्या वाडीत तण असेल, इथे तेच पीक आहे. मी म्हणालो, चार पुस्तकं वाचली म्हणून आम्हाला शेती शिकवू नकोस. (आणखीही काही म्हणालो. तोंड एकदा सुटलं की थांबत नाही; कुणाकडून आलंय ते वर लिहिलंच आहे.) ती शांतपणे म्हणाली, “जे उपटलंस ते जागेवर आण, मग माझ्याशी बोल.” आणि गेली. गजऱ्यातलं एक फूल मागे पडलं. ते मी उचललं नाही. (नंतर उचललं.)

मला वाटलं, रविवारी तालुक्यातले मोठे पुढारी शिबिर बघायला येताहेत, ते चार लोकांत कौतुक करतील आणि ती वरमेल. रविवारी पुढारी आले. आणि त्यांच्याबरोबर वारा आला. रोज दुपारी येतो तसलाच मे महिन्याचा वारा, काही वेगळा नाही. पण आत्तापर्यंत त्याला उचलायला काही मोकळं सापडलं नव्हतं. पुढारी भाषणाला उभे राहिले, ‘तरुणांनी हिरवी भिंत उभारली आहे’ एवढं म्हणाले, आणि समोरचा उंचवटा उठून चालायला लागला. मी चेष्टा करत नाही. तो सरळ चालत मंडपात आला. पुढाऱ्यांनी ‘आ’ केला होता तो त्यांना मिटता येईना. हारात रेती, आमटीत रेती, कॉन्रॅडच्या गिटारच्या पोटात रेती. (तेवढं एक चांगलं झालं.) माझी आळी दिसेनाशी झाली, पाट दिसेनासा झाला आणि संध्याकाळपर्यंत सुरूची रोपंही, नुसते आधाराचे बांबू वर राहिले.

पण खरी गंमत पुढे. उंचवट्याच्या मागे मच्छीमारांची घरं आहेत, आणि घरांपुढे पावसाळ्याआधीचे शेवटचे बोंबील बांबूंवर वाळत होते. वारा पडल्यावर तिथून रुक्मिणीबाई आल्या. या बाईंचा आवाज तुझ्या उत्तनपर्यंत आला नसेल तर त्या दिवशी वारा उलटा होता म्हणून. हातात रेतीने माखलेल्या बोंबलांची माळ. सरळ पुढाऱ्यांच्या नाकासमोर धरली.

“ह्ये खावा,” त्या म्हणाल्या. “खावा ना! मसाला लावलाय तुमच्या पोरांनी.”

पुढारी म्हणाले, “बाई, शांत व्हा.”

“शांत? माज्या सासूच्या येळेपासून हितं येल हाय, आमच्या दारात रेतीचा कन नाय आला कदी. कोन तो वाडीवाला? आमच्या अंगनात येऊन झाडू मारनारा? त्याला म्हनावं, एवडी सफाईची हौस हाय तर ये, माजी भांडी पडलीत!”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सरांनी चांद्याकडे बघितलं. लिडियाने कुठेच बघितलं नाही, ते सगळ्यात वाईट.

तर आत्या, माझी यात चूक आहे असं मी म्हणत नाही. वेलाने एवढं महत्त्वाचं काम करायचं होतं तर जरा कामाचा दिसायला हवं होतं. पण सोमवारी पहाटे उठून मी एकटाच रोपं उकरायला लागलो. (म्हणून फोड.) बरीच वाचली आहेत. आता वेल परत लावला की झालं, असं मला वाटलं. पण पप्पांच्या खड्ड्यातला वेल केव्हाच सडून काळा झाला, आणि झाला नसता तरी ‘शाबास’ची वस्तू मी परत कशी मागणार? गावाच्या दुसऱ्या टोकाला, रुक्मिणीबाईंच्या घरापलीकडे तो अजून आहे. तिथे मी कोयता घेऊन गेलो तर बाई आधीच स्टूल टाकून बसलेल्या. “ये,” त्या म्हणाल्या, “एक पान तोड, मग बघ तुजा हात कुटं लावायचा ते.” मी म्हणालो, मावशी, तुमच्याच घरासाठी. त्या म्हणाल्या, “परवा पन आमच्याच घरासाटी होतास ना?” मी कोयता पाठीमागे धरून परत फिरलो. तेव्हापासून त्या स्टूल हलवत नाहीत. मासे तिथेच साफ करतात, भाजी तिथेच निवडतात.

लिडिया अजून बोलत नाही. तीसुद्धा आता चांद्याशीच बोलते. “चांद्या, तुझ्या मालकाला सांग, पिंप गळतंय.” “चांद्या, त्या वेलाला सांध्यासांध्याशी मुळं फुटतात, तुकडे ओल्या पोत्यात ठेवले तर जगतात, हे कुणाला तरी माहीत असलेलं बरं.” सर एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला, बैलाला एवढं शिक्षण मिळतंय की जूनमध्ये तोच परीक्षेला बसेल. माझ्या कॉलेजचं विचारलं होतंस, तर त्याबद्दल सध्या सांगण्यासारखं काही नाही.

काकांना नमस्कार, कोंबड्यांना दाणे, थेरेसाबाई बोलायला लागल्या तर त्यांनाही नमस्कार.

तुझा आज्ञाधारक भाचा,
फेबियन

ता. क. तुमच्या घराच्या मागे, आवाराची भिंत संपते तिथून समुद्रापर्यंत हाच वेल आहे. नाताळात मी त्यात पाय अडकून पडलो होतो म्हणून पक्कं आठवतं. आणि दरवर्षी पाऊस यायच्या आत तू खुरपं घेऊन तो साफ करतेस हेही आठवतं. आत्या, तुझ्या पाया पडतो, रविवारपर्यंत त्याला हात लावू नकोस. रविवारी मिस्सा झाली की मी पाचूबंदरहून होडीने ओली पोती घेऊन येतो. त्यानंतर होड्या पावसाळ्यासाठी वर ओढतील आणि मग सगळं संपलं. सगळा नेणार नाही. तीनातली एक फांदी कापायची, असं चांद्याला सांगण्यात आलं आहे.

आणखी ता. क. रविवारी पप्पा मला वाडीतून सोडणार नाहीत. केळी भरायची आहेत. वेल आणायला जातो म्हटलं तर ते मला वेड्यांच्या दवाखान्यात नेतील. तेव्हा कृपा करून पप्पांना एक कार्ड टाक की तुझा गुडघा फार दुखतो आहे आणि फेबियनला पाठव. सुरुवातीला गुडघ्याबद्दल मी जी आशा व्यक्त केली ती सोमवारपासून लागू समजावी.

शेवटचं ता. क. लिडियाचं नाव पत्रात जास्त वेळा आलं असेल तर ते केवळ कामापुरतं. माझ्या मनात आता तसं काही नाही. शिबिराचं टपाल कॉन्रॅड नेतो, म्हणून मोकळेपणाने लिहिलं.

*

आत्या, नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही. टपाल आजपासून माझ्याकडे आहे, कारण रुक्मिणीबाईंचा राग उतरावा म्हणून कॉन्रॅडने ते रेतीचे बोंबील खाल्ले आणि तो आडवा आहे. तुमच्या भाच्याने पाकिटावर पत्ता म्हणून फक्त ‘फ्लॉसी आत्या’ लिहिलं होतं, आणि डिंकाला रेती लागल्यामुळे पाकीट उघडंच होतं. गावाचं नाव पहिल्याच पानावर सापडलं. पुढचं मी उगाच वाचलं. नंदाखालला विचारून बाकीचा पत्ता मिळवला, तो बरोबर असावा.

त्याने एक गोष्ट लिहिली नाही, ती मी लिहिते. काल जगन्नाथ सर चांद्याला म्हणाले, “वेल लागला तर तुझ्या मालकाला जूनमध्ये वर्गात बसायला सांग. प्राचार्यांशी मी बोलतो.” तो चांद्याची शिंगं पुसत राहिला. शिंगांना काही लागलेलं नव्हतं. वेल लागला नाही तर काय, म्हणून त्याने तुम्हाला कळवलं नसेल. म्हणून गुडघ्याचं कार्ड नक्की टाका.

मी त्याच्याशी बोलत नाही, आणि वेल जागेवर येईपर्यंत बोलणार नाही. पण रविवारी त्याच होडीने मी येते आहे. त्याला माहीत नाही, माहीत करूनही देऊ नका. त्याच्या हातात कोयता देऊन त्याला वेलाजवळ एकट्याला सोडणं बरं नव्हे. कुठे कापायचं ते कुणीतरी दाखवायला हवं. ते बोटाने दाखवता येतं. त्यासाठी बोलावं लागत नाही.

लिडिया